खुडूक उठली

“तुमची खुडूक उठून उभी राहिलीय!” दातांचे डॉक्टर फोनवर इतक्या जोरात ओरडले की शेडमधल्या चिमण्या उडाल्या.

वहिनी त्या वेळी कलमांच्या शेडमध्ये बुटक्या स्टुलावर बसली होती. एका हातात रोप, दुसऱ्या हातात चाकू, दातांत पट्टीचं टोक. फोन तिच्या कानाशी धरला होता नणंदेने, त्यामुळे डॉक्टरांची तक्रार दोघींनीही सारखीच ऐकली.

“काय झालंय म्हणालात?” वहिनीने तोंडातली पट्टी काढली.

“अहो, तुम्हीच सांगितलं होतंत ना, हे झाड गुडघ्याच्या वर जाणार नाही म्हणून? आता त्याच्या मधोमध भाला फुटलाय भाला! माझ्या छातीला लागतोय. दारात आलेला प्रत्येक पेशंट विचारतो, डॉक्टर, हे काय? दाढ दुखत असताना माणसं हसायला लागलीत.”

“मी येते. तोवर हात लावू नका त्याला,” वहिनी म्हणाली आणि चाकू मिटून उठली.

नर्सरीत सगळेच तिला वहिनी म्हणत, गिऱ्हाइकंसुद्धा. आणि खुडूक म्हणजे त्या नर्सरीचं नाक. तसं ते फरच्या जातीचं, देवदाराच्या भावकीतलं झाड. पण फर म्हटल्यावर डोळ्यांपुढे जो ताडमाड बुंधा येतो त्याचा इथे पत्ताच नाही. गोल, गच्च, बोट खुपसलं तर आत शिरणार नाही इतकं दाट, आणि वर्षाला जेमतेम नखभर वाढणारं. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी जशी पिसं फुलवून, मान आत ओढून, काही केल्या जागची हलत नाही, अगदी तसं दिसायचं. सासऱ्यांनी म्हणूनच त्याला ते नाव ठेवलं होतं. शहरात बँकेच्या दारात, हॉटेलच्या पायऱ्यांशी, दवाखान्यांसमोर, जिथे बघाल तिथे खुडूक बसलेली असायची, आणि त्यातली बहुतेक वहिनीच्या हातची. कारण खुडुकीला कधी शंकू लागत नसत, आणि शंकू नाहीत म्हणजे बी नाही. तिची काडी घ्यायची, साध्या फरच्या खुंटावर तिरकी कापून बसवायची, पट्टी गुंडाळायची आणि वाट बघायची. म्हणजे प्रत्येक खुडूक ही आधीच्या खुडुकीचाच तुकडा. “मी काय, झेरॉक्सचं मशीन,” असं वहिनी स्वतःच म्हणायची. लग्न होऊन आली त्या वर्षी सासऱ्यांनी तिच्या हातात चाकू दिला होता, आता केस पांढरे व्हायला लागले तरी तो सुटला नव्हता.

नणंदेने मोटारसायकल काढली. ही उंच इमारतींच्या काचा धुणारी बाई. दोराला लटकून विसाव्या मजल्यावर साबण लावायची आणि तिथूनच फोनवर गप्पा मारायची. तिची आई, म्हणजे वहिनीच्या सासूबाई, तिला वटवाघूळ म्हणत. सुट्टीच्या दिवशी ती नर्सरीत यायची ती मदत करायला, असं तिचं म्हणणं; चहा प्यायला, असं तिच्या आईचं.

डॉक्टर दवाखान्याबाहेर पांढऱ्या कोटातच उभे होते. खुडूक नेहमीसारखी गोल बसलेली होती आणि तिच्या डोक्यातून खरंच एक सरळसोट फांदी वर निघाली होती, एखाद्या बसक्या माणसाने टोपीत बांबू खोवावा तशी.

“मी कापणारच होतो,” डॉक्टर म्हणाले. “खालचा खुंट वर आला असेल. असं होतं म्हणे कलमांमध्ये.”

वहिनीलाही आधी तेच वाटलं होतं. कलमाच्या पोटातून खुंट डोकावला तर तो बांधणाऱ्याचा कमीपणा. ती गुडघ्यांवर बसली, जमिनीला टेकलेल्या फांद्या उचलल्या आणि आत डोकं घातलं. बुंध्यावर जिथे कधीकाळी तिनेच काडी बसवली होती तिथला जाड सांधा बोटाला लागला. त्याच्या खाली काही नव्हतं. बुंधा साफ. मग तिने बोट हळूहळू वर नेलं, एका फांदीवरून दुसरीवर, आणि तो भाला जिथून फुटला होता तिथे येऊन थांबली.

“खालचा नाहीये,” आतूनच तिचा आवाज आला. “खुंटाचा नाहीये. हा वरचा आहे! खुडुकीचाच आहे!”

ती बाहेर आली तेव्हा केसांत काड्या होत्या आणि चेहरा असा झाला होता की डॉक्टर दोन पावलं मागे सरकले.

“म्हणजे वाईट का?” त्यांनी विचारलं.

वहिनीने त्या नव्या फांदीचं एक पान चुरगळून नाकाशी धरलं. संत्र्याच्या सालीचा वास आला, खुडुकीला येतो तसाच, पण चौपट. मग तिने फांदी डोळ्यांजवळ ओढली. खुडुकीची पानं टूथब्रशच्या केसांसारखी आखूड आणि ताठ. ही मात्र बोटाच्या पेराएवढी लांब होती, आणि नुसती लांब नव्हती तर वरच्या बाजूला वळलेली होती, त्यामुळे त्यांचं पोट वर आलं होतं. आणि पोट होतं चंदेरी. शेंड्याकडून बघितलं तर सगळी फांदी चांदीच्या तारेने गुंफल्यासारखी दिसत होती.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “ही खुडूक म्हणजे कुठल्यातरी उंच झाडाचं पोर आहे. एखाद्या मोठ्या झाडाच्या एखाद्याच डोळ्यात, कोंब फुटतो तिथे, काहीतरी बिनसतं आणि त्या जागी फांदीऐवजी असं दाट गठुळं वाढतं. त्या गठुळ्याची काडी लावली की असं बुटकं झाड होतं. आमच्याकडे पिढीभर ते आहे, पण ते कुठल्या झाडाचं, हे कुणालाच माहीत नाही. फर शंभर तऱ्हेचे असतात, आणि ह्या आखूड पानांवरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. आता ह्या एका फांदीचं बिनसलेलं परत ताळ्यावर आलंय. हा हिच्या आईचा चेहरा आहे!”

“म्हणजे दुधाचे दात जाऊन पक्के आले म्हणायचं,” डॉक्टर म्हणाले.

“असंच काहीसं. कापू नका एवढं माझ्यासाठी करा. तुम्हाला हवी तर बदली दुसरी खुडूक देते.”

“छे, आता कशाला?” डॉक्टर फांदीकडे वेगळ्याच कौतुकाने बघायला लागले. “पेशंटला सांगायला काहीतरी आहे की.”

वहिनीने बाजूची एक लहानशी काडी तेवढी घेतली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि मोटारसायकलवर मागे बसल्या बसल्या नणंदेच्या पाठीवर थाप मारली. “आईंकडे चल. जोरात!”

सासूबाई कुंड्यांच्या रांगेशेजारी खुर्ची टाकून वाळलेली पानं खुडत होत्या. वय झालं होतं, पण जीभ आणि नजर दोन्ही शाबूत. सुनेने फडकं उलगडून समोर धरलं तेव्हा त्यांनी चष्मा वर केला, पान चुरगळलं आणि वास घेतला.

“आई, बाबांना पहिली खुडूक कुठे मिळाली ते पुन्हा एकदा सांगा ना. नीट सगळं.”

“कितीदा सांगितलंय. बसच्या टपावर.”

नणंदेने वडिलांची ही गोष्ट लहानपणापासून ऐकली होती, तरी ती उलट्या बादलीवर बसली आणि ऐकायला लागली. सासरे तेव्हा बसच्या डेपोत मेकॅनिक होते. नर्सरी बिर्सरी काही नव्हती, घरामागे चार कुंड्यांत गुलाबाची कलमं करायचा नाद तेवढा होता. एकदा मोठं वादळ झालं. सकाळी लांबच्या फेरीची बस चिखलाने माखून डेपोत आली. ती धुवायला ते टपावर चढले तर सामानाच्या कठड्यात कावळ्याचं घरटं अडकलेलं. फेकून द्यायला म्हणून उचललं, तर घरट्याला पानं होती, हिरवीगार. आणि सगळ्या काड्या एकाच लाकडातून फुटलेल्या.

“ओल्या पोत्यात घालून घरी आणलं,” सासूबाई म्हणाल्या. “मी म्हटलं, हा केर कशाला आणलात? तर म्हणे, केर नाही, चमत्कार आहे. बागेतून फरची रोपं मागून आणली, त्यांच्यावर काड्या बसवल्या. सगळ्या मेल्या. एक जगली. त्या एकीवर ही सगळी नर्सरी.”

“आणि झाड?”

“झाड कुठलं सापडायला! ड्रायव्हर म्हणाला, वादळात मला रस्ता दिसत नव्हता, झाडं काय बघतोय. हे मग दर सुट्टीला त्याच बसने जायचे. घाटात उतरायचे आणि मान वर करून हिंडायचे. डोंगरातलंच असणार असं त्यांनी धरून ठेवलं होतं. पण कुठल्या तऱ्हेचा फर शोधायचा तेच माहीत नाही. पानं कशी, काही ठाऊक नाही. चार वर्षांनी थकले.”

वहिनीने चंदेरी काडी वर धरली. “आता मला माहितीये.”

सासूबाईंनी सुनेकडे बघितलं, मग लेकीकडे. “मग इथे काय बसलात दोघी?” त्या म्हणाल्या. “जा की!”

बसचा जुना रस्ता नणंदेला तोंडपाठ होता. दोघी निघाल्या. वहिनी मागे बसून झाडं बघत होती, आणि वाटेत जिथे फरसारखं काही दिसेल तिथे “हळू, हळू” म्हणून ओरडत होती. शाळांची मैदानं झाली, जुने बंगले झाले, मग शहर मागे पडलं आणि घाट आला. घाटात झाडांना तोटा नव्हता. पाईन होते, देवदार होते, फरसुद्धा होते, पण सगळे कसे शहाण्यासारखे पानं खाली करून उभे. दोघी उतरत होत्या, पानं हातात घेत होत्या, वास घेत होत्या. एका झाडाला संत्र्याचा वास होता पण पानं सपाट. दुसऱ्याची पानं वळलेली, पण वास रॉकेलचा. वहिनीची मान अवघडली, नणंदेचं पेट्रोल संपत आलं, आणि शेवटी ऊन उतरायला लागल्यावर दोघी गपचूप परत फिरल्या.

“बाबांना चार वर्षं मिळालं नाही,” नणंद म्हणाली. “आपल्याला एका दिवसात कसं मिळेल?”

“मला ठाऊक आहे गं,” वहिनी म्हणाली, पण तिचा आवाज पडला होता.

शहरात शिरल्यावर, पाणी शुद्धीकरण केंद्राच्या लांबच लांब भिंतीपाशी, त्यांना लाल दिवा लागला. वहिनीने कंटाळून मान मागे टाकली. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली आणि भिंतीपलीकडच्या काळपट झाडांच्या रांगेत एक झाड एकाएकी, वरपासून खालपर्यंत, चांदीसारखं चमकलं.

“थांब!” वहिनी किंचाळली.

“थांबलेच आहे! लाल आहे!”

“मग हिरवा झाला तरी जाऊ नकोस!”

मागच्या गाड्यांनी भोंग्यांचा कल्लोळ केला तरी नणंदेने गाडी हलवली नाही, कारण आता तिलाही दिसलं होतं. झाड भिंतीवरून थेट रस्त्यावर झुकलेलं होतं. लांबच्या फेरीची बस वर्षानुवर्षं ह्याच फांद्यांखालून गेली असणार. सासरे सुद्धा. घाट कधी येतो याची वाट बघत.

आणि झाडाच्या शेंड्याच्या थोडं खाली, फांदी जिथे दुभंगली होती तिथे, काहीतरी काळंभोर, गोल, भलंमोठं बसलेलं होतं.

फाटकावरच्या रखवालदाराने त्यांना आत सोडलं नाही. शहराचं पिण्याचं पाणी होतं ते; असं कुणीही आलं आणि आत गेलं, हे शक्य नव्हतं. पण दोघींच्या आवाजाने तिथल्या इंजिनिअर मॅडम बाहेर आल्या. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायांत गमबूट.

“ते गोल दिसतंय ना, ते काय आहे?” वहिनीने धापा टाकत विचारलं.

“ते? आग्या मोहोळ. म्हणून तर त्या बाजूला आमचं कुणी फिरकत नाही. मी इथे लागले तेव्हापासून आहे.”

“एखादी माशी पाहिलीत कधी?”

मॅडम उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. मग त्यांनी रखवालदाराकडे बघितलं. रखवालदाराने मान हलवली. माशी कुणीच पाहिली नव्हती. नणंदेने फोनचा कॅमेरा वर धरून चित्र मोठं केलं आणि तिघींनी त्यात डोकी घातली. मोहोळ नव्हतं. पानं होती. आखूड, ताठ, दाटीवाटीने बसलेली. आणि त्यांच्यावर जांभळट रंगाचे, अंगठ्याएवढे, मेणबत्त्यांसारखे उभे ठोंब.

वहिनीने नणंदेचं मनगट इतकं घट्ट धरलं की नणंद ओरडली.

“शंकू आहेत! त्याच्यावर शंकू आलेत!”

“म्हणजे काय?” मॅडमनी विचारलं.

मग वहिनी बोलत सुटली. तिला थांबवायची कुणाची छाती नव्हती. फरचे शंकू बाकीच्यांसारखे खाली लोंबत नाहीत, फांदीवर ताठ उभे असतात; आणि पिकले की अख्खे पडत नाहीत, जागच्या जागी खवला खवला सुटून वाऱ्यावर उडून जातात, म्हणून झाडाखाली कितीही शोधलं तरी एक सापडत नाही. गठुळ्याला शंकू येणं हीच मुळात दुर्मिळ गोष्ट. आणि आले तर त्यातलं बी म्हणजे पेटाराच. काही रोपं उंच होतात, काही खुडूक होतात, आणि एकीसारखी दुसरी नसते. “मी आयुष्यभर एकच झाड पुन्हा पुन्हा केलं, मॅडम. ह्याच्यात नवी झाडं आहेत! अजून कुणी बघितलेली नाहीत अशी! आणि खवले सुटायला लागलेत, बघा ना, हा वरचा अर्धा गेलाय. मोठा वारा सुटला की संपलं.”

मॅडम त्या कॅमेऱ्याकडे आणि झाडाखालच्या भल्यामोठ्या उघड्या टाकीकडे आळीपाळीने बघत राहिल्या. “एक पान पाण्यात पडलेलं मला चालणार नाही,” त्या म्हणाल्या. वहिनीचं तोंड उतरलं. “पण परवा ही टाकी धुवायला रिकामी करतोय. परवा या. दोर, पट्टे, सगळं नीट हवं. आणि वर तुमच्यापैकी कोण चढणार?”

नणंदेने शांतपणे स्वतःचं ओळखपत्र काढून दाखवलं. मॅडम हसल्या. “तुम्ही आमच्या मुख्य कार्यालयाच्या काचा धुता!”

मधला एक दिवस वहिनीने कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. सकाळपासून वारा होता. शेडवरचा पत्रा वाजला की ती बाहेर येऊन आभाळाकडे बघायची. हातातल्या काड्या उलट्या कापल्या गेल्या, पट्टी सुटली, एका रोपाला तर तिने काडी न बसवताच नुसती पट्टी बांधली.

“ठेव तो चाकू,” सासूबाई म्हणाल्या. “बोट कापून घेशील. आणि उद्या मी पण येणार आहे.”

“आई, तिथे बसायला काही नसेल.”

“खुर्ची नेऊ. मला ते झाड बघायचंय.”

ठरलेल्या दिवशी सकाळी रिकाम्या टाकीवर जुन्या चादरी अंथरल्या गेल्या. सासूबाई खुर्चीत, मॅडम शेजारी, रखवालदार एका चादरीचं टोक धरून. नणंद दोर टाकून सरसर वर गेली. फांद्यांत दिसेनाशी झाली आणि मग वरून तिचा आवाज आला, हसण्याने फुटलेला.

“वहिनी! अगं, ह्याच्यावर माणूस झोपेल!”

“शंकूंचं सांग! शंकू!”

“आहेत! पण एकाला हात लावला आणि सगळा हातातच भुरभुरला. आता काय करू?”

“पिशवी खाली धर! आधी पिशवी, मग हात! जांभळे राहू दे, तपकिरी झालेले घे!”

“सगळेच मला अर्धेअर्धे दिसतायत!” मग नणंद म्हणाली, “वहिनी, तूच ये. मला काचा कळतात. हे तुझं काम आहे.”

वहिनीने वर बघितलं. तिचं सगळं आयुष्य बुटक्या स्टुलावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर गेलेलं. गच्चीवर कपडे वाळत घालतानासुद्धा ती कठड्यापासून लांब राहायची. “मी नाही गं,” ती म्हणाली. पण म्हणता म्हणताच तिचे हात पट्टा कमरेला बांधत होते.

“खाली बघू नकोस,” सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. “आणि वरही बघू नकोस.”

“मग बघू कुठे?”

“झाडाकडे बघ की. दुसरं काय केलंस आजवर?”

नणंदेने वरून दोर ओढला, मॅडम आणि रखवालदाराने खालून धरला, आणि वहिनी जमीन सोडून निघाली. आधी तिचे डोळे गच्च मिटलेले होते. मग नाकात संत्र्याचा वास शिरला, इतका की डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने डोळे उघडले. तिच्या गालाजवळून चंदेरी फांद्या खाली जात होत्या. बुंध्यावर राळेचे फोड होते. एक तिच्या नखाने फुटला आणि हात चिकट झाला. “ही पानं वर येताना जास्त वळतायत,” ती कुणालाही उद्देशून न बोलता म्हणाली. “उन्हाकडे. बघ, बघ, खाली सपाट होती, इथे पूर्ण उलटी!”

“वहिनी, आता इकडे बघ.”

गठुळं तिच्यासमोर होतं. बैलगाडीच्या चाकाहूनही मोठं, घट्ट, गोल, जुनं. तिने हात ठेवला तर ते दबलं नाही. हजारो आखूड फांद्या एकाच गाठीतून निघालेल्या. आणि तिच्या बोटांना त्या ओळखीच्या वाटल्या, अगदी तशाच काटकोनात फुटणाऱ्या, तीच ताठ पानं, शेंड्याला तेच तीन डोळे. तिने अख्ख्या जन्मात जितक्या काड्या कापल्या होत्या त्या सगळ्या इथल्या होत्या.

“आणि हे,” नणंद म्हणाली आणि फांदी बाजूला केली.

रस्त्याच्या बाजूला गठुळ्याचा एक लचका गेलेला होता. जखम फार जुनी. कडांनी साल वळून वळून आत आली होती आणि मधे फक्त बोट जाईल एवढी फट उरली होती. वहिनीने त्या फटीत बोट घातलं आणि ते तसंच ठेवून ती बसली.

“आई!” तिने खाली हाक मारली, आणि आवाज फुटला तशी पुन्हा मारली. “आई, सापडलं! तुटलं ते इथूनच!”

खालून मॅडमचा आवाज आला, “त्या रडतायत. छान रडतायत. तुम्ही काम चालू ठेवा!”

वहिनीने डोळे पुसले, गालाला राळ फासली, आणि कामाला लागली. शंकूखाली पिशवी, वरून तळवा, हलकेच पीळ. जे तयार होते ते पिशवीत कोसळत होते. जे नव्हते ते तिने देठासकट घेतले. मधेच वारा आला. सगळं झाड सळसळलं, चहूकडून चांदी उसळली, दोघी बायका फांद्यांसकट झुलल्या, आणि जमिनीपासून इतक्या उंचावर वहिनी खदखदून हसली. नणंदेने तिला इतक्या वर्षांत तसं हसताना पाहिलं नव्हतं.

बी मिळालं मूठभर. त्यातलं निम्मं फोल निघालं. उरलेलं ओल्या वाळूत कालवून डब्यांत भरलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं, कारण ह्या बियांना आधी थंडी सोसावी लागते, त्याशिवाय त्या जाग्या होत नाहीत. भाजीच्या कप्प्यात भाजीला जागा उरली नाही. वहिनीचा नवरा रोपांची गाडी घेऊन दूरच्या फेरीवरून आला, त्याने फ्रिज उघडला, वाळूचे डबे बघितले, पुन्हा फ्रिज बंद केला आणि काही विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं शहाणपण त्याला आलं होतं.

ऊन तापायला लागल्यावर बी पेरलं. उगवलं तेव्हा सगळं सारखंच दिसत होतं: मातीवर ठेवलेल्या हिरव्या चांदण्या. वहिनी रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी ट्रेपाशी जायची. “अजून काही कळत नाही,” असं रोज सांगायची आणि रोज तेवढ्याच उत्साहाने. पहिलं वर्ष असंच गेलं. दुसऱ्या वर्षी नवे कोंब फुटले आणि मग मात्र घरात कुणाला दम निघेना. काही रोपं सरळ वर निघाली, आईसारखी. काही बसली. एकाने बसायचं ठरवलं पण पसरून, चटईसारखं. एक इतकं हळू वाढत होतं की सासूबाई म्हणाल्या, हे माझ्याहून म्हातारं आहे. दोन पिवळी पडून मेली, तेव्हा वहिनी दिवसभर जेवली नाही.

आणि एका सकाळी नर्सरीत अशी आरोळी उठली की नवरा पायात एकच चप्पल घालून धावला.

वहिनी ट्रेसमोर उकिडवी बसली होती. तिच्या समोरचं रोप सुपारीएवढं होतं. गोल, गच्च, खुडुकीसारखं बसलेलं. आणि त्याचं प्रत्येक पान वर वळलेलं, पोट उघडं, चंदेरी. जणू कुणी दवाचा एक थेंब घेऊन त्याची कोंबडी केली होती.

“बसलंय पण,” वहिनी म्हणाली, “आणि चमकतंय पण! दोन्ही! असं झाड नाहीये कुठे! म्हणजे असेलही, मला माहीत नाही, पण मी नाही पाहिलेलं!”

नवरा शेजारी उकिडवा बसला. त्याने बोट पुढे केलं, तिने ते झटकलं. मग स्वतःच त्याचं बोट धरून अगदी हलकेच पानांना लावलं.

दुपारपर्यंत बातमी सगळीकडे पोचली. इंजिनिअर मॅडम गमबूट घालूनच आल्या. दातांचे डॉक्टर आले. त्यांच्याकडचा भाला आता दवाखान्याच्या पाटीपर्यंत पोचला होता आणि पत्ता सांगताना लोक तीच खूण सांगत होते. नावावरून भांडण जुंपलं. डॉक्टरांनी सुचवलेलं नाव दातांवरून होतं, ते कुणी मनावर घेतलं नाही. नणंद म्हणाली “आरसा”. सासूबाई म्हणाल्या, आधी जगू दे, मग बारसं.

“विकायला कधी काढणार?” डॉक्टरांनी विचारलं.

“ह्याच्यावर एक काडी कापण्याजोगी व्हायलाच दोन-तीन वर्षं जातील,” वहिनी म्हणाली. “मग ती जगायला हवी. मग तिच्यावरून पुढची.”

“इतकं थांबणार तुम्ही?”

“थांबते कुठे मी?” वहिनी म्हणाली. “उद्या मॅडमकडची टाकी रिकामी होतेय. यंदा गठुळ्यावर गेल्या खेपेच्या दुप्पट शंकू आहेत, मी कालच दुर्बिणीतून बघितलेत.” आणि ती वळून नणंदेला म्हणाली, “पट्टा माझ्या मापाचा घेऊन ये गं ह्या वेळी. मागचा मांडीला काचत होता.”